संग्रह-मेथड्सची कालकिंमत : प्रोग्रामिंग लायब्ररींच्या दस्तऐवजीकरणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

संगणकाच्या प्रोग्राममध्ये असंख्य नोंदी एकत्र ठेवाव्या लागतात. प्रत्येक प्रोग्रामरने त्यासाठी स्वतंत्र रचना करण्याऐवजी भाषेसोबत येणाऱ्या लायब्ररीतील यादी, संच, कोश असे तयार संग्रह वापरण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. संग्रहावरील प्रत्येक क्रियेला, म्हणजेच मेथडला, एक नाव असते. नावावरून ती काय करते हे कळते. परंतु त्यासाठी किती वेळ लागेल हे कळत नाही. हा वेळ कोठे व कसा नोंदवावा, या प्रश्नाला स्वतःचा इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात सी प्लस प्लस व जावा या दोन भाषांच्या आधारे त्याचा मागोवा घेतला आहे.

कालमर्यादा हा कराराचा भाग :

अलेक्झांडर स्टेपानोव्ह व मेंग ली यांनी ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत विकसित केलेली स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी सी प्लस प्लसच्या प्रमाणीकरण समितीने १९९४ मध्ये स्वीकारली. क्रियेला लागणारा वेळ हा अंतर्गत तपशील नसून वापरणाऱ्याशी केलेल्या कराराचाच भाग होय, ही स्टेपानोव्ह यांची भूमिका होती. त्यानुसार १९९८ च्या प्रमाणग्रंथात क्रियांसोबत त्यांच्या कालमर्यादाही दिल्या गेल्या.

तथापि एका ठिकाणी हा करार सैल राहिला. साखळी-यादीतील घटकांची संख्या सांगणारी ‘साइज’ ही मेथड स्थिर वेळात पूर्ण ‘व्हावी’, असे त्यात म्हटले होते. ‘झालीच पाहिजे’, असे नव्हे. यामागे खरी अडचण होती. एका यादीचा तुकडा दुसऱ्या यादीला तत्काळ जोडायचा, तर त्यातील घटक मोजत बसता येत नाही. आणि ते मोजले नाहीत, तर एकूण संख्या तयार ठेवता येत नाही. त्यामुळे काही लायब्ररींनी संख्या साठवून ठेवली, तर जीएनयूच्या लायब्ररीने ती प्रत्येक वेळी नव्याने मोजली. एकच प्रोग्राम एका ठिकाणी वेगाने व दुसरीकडे संथ चालणे त्यामुळे शक्य झाले. २०११ च्या प्रमाणग्रंथाने ही संदिग्धता दूर करून ‘साइज’साठी स्थिर वेळ बंधनकारक केला. जीएनयूने हा बदल २०१५ मधील जीसीसी ५ या आवृत्तीत अमलात आणला.

जावातील इशारे :

जावामध्ये डिसेंबर १९९८ च्या १.२ आवृत्तीत जोशुआ ब्लॉक यांच्या नेतृत्वाखाली रचलेली संग्रह-चौकट आली. येथे यादी या सर्वसाधारण संकल्पनेखाली अ‍ॅरेलिस्ट व लिंक्डलिस्ट या दोन्ही रचना सामावल्या. क्रमांकावरून घटक मिळवणे पहिलीत स्थिर वेळाचे, तर दुसरीत साखळी मोजत जाण्याचे काम आहे. म्हणून दस्तऐवजातच सावधगिरीची सूचना देण्यात आली. २००२ च्या १.४ आवृत्तीत ‘रँडमअ‍ॅक्सेस’ हे एकही मेथड नसलेले चिन्ह निर्माण झाले. म्हणजे जी माहिती आजवर गद्यात होती, ती प्रोग्रामलाही वाचता येऊ लागली. २००४ च्या पाचव्या आवृत्तीतील ‘कन्करंटलिंक्डक्यू’च्या दस्तऐवजात तर ‘साइज’ येथे स्थिर वेळाची नाही, असा ठळक इशारा आढळतो.

वर्णन आहे, इशारा नाही :

याउलट उदाहरण ‘रिमूव्हऑल’ या मेथडचे आहे. संचातून दुसऱ्या संग्रहातील सर्व घटक वगळणे हे तिचे काम. २००० मधील १.३ आवृत्तीपासून तिचे वर्तन असे : संच मोठा असेल, तर दुसऱ्या संग्रहातील एकेक घटक घेऊन तो संचातून काढायचा, अन्यथा संचातील प्रत्येक घटक दुसऱ्या संग्रहात आहे का, हे पाहायचे. दस्तऐवजात ही कार्यपद्धती स्पष्टपणे सांगितली आहे. मात्र तिचा परिणाम सांगितलेला नाही.

समजा, हॅशसेटमध्ये १,००,००० घटक असून वगळावयाच्या अ‍ॅरेलिस्टमध्ये ९९,९९९ घटक आहेत व दोहोंत एकही सामाईक नाही. येथे सुमारे एक लाख जलद क्रियांत काम संपते. यादीत आणखी एकच घटक वाढला, की मार्ग बदलतो. प्रत्येक घटकासाठी संपूर्ण यादी धुंडाळली जाते आणि १,००० कोटी तुलना कराव्या लागतात. यादीतील घटक एकेक घेऊन स्वतः वगळल्यास हा दोष टळतो. पण तो आहे हे ठाऊक असेल तरच. दोन्ही संग्रह आपापल्या जागी निर्दोष आहेत. दोष त्यांच्या संयोगात आहे. एकेका मेथडच्या स्वतंत्र वर्णनात तो दिसत नाही.

अपवादाचे गांभीर्य :

अशा दुर्मीळ स्थितीकडे दुर्लक्ष करणे परवडत नाही, हे स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलक यांनी २००३ मध्ये दाखवून दिले. हॅश-कोशाचा सरासरी वेग उत्तम असला, तरी मुद्दाम निवडलेल्या किल्ल्या एकाच कप्प्यात कोंबून सर्व्हर ठप्प करता येतो, असे त्यांनी सिद्ध केले. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिन येथील परिषदेत अनेक वेब-प्रणालींबाबत हाच धोका पुन्हा मांडण्यात आला. पुढे २०१४ च्या जावा ८ मध्ये गर्दी झालेल्या कप्प्यांना संतुलित वृक्षाचे रूप देऊन सर्वांत वाईट स्थितीतील विलंब कमी करण्यात आला.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कालकिंमत नोंदवण्याच्या तीन पायऱ्या आहेत : कार्यपद्धतीचे वर्णन, धोक्याचा इशारा आणि बंधनकारक हमी. ‘रिमूव्हऑल’ पहिल्या पायरीवर राहिली, ‘कन्करंटलिंक्डक्यू’ दुसरीवर आहे, तर साखळी-यादीची ‘साइज’ तिसरीपर्यंत पोहोचण्यास तेरा वर्षे लागली. प्रत्येक मेथडला हमी देणे शक्य नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु जेथे हमी देता येत नाही, तेथे इशारा देण्याची जबाबदारी अधिकच वाढते. कारण न नोंदवलेल्या विलंबाची किंमत मेथड लिहिणाऱ्याला नव्हे, तर तिच्या नावावर विश्वास ठेवणाऱ्याला मोजावी लागते.