काजूचें बोंड : एक फळ, दोन कायदे

चैत्र-वैशाखांत चंदगड आणि आजरा या तालुक्यांच्या डोंगरउतारांवर काजू पिकतो. तांबड्या-पिवळ्या, रसाळ बोंडाच्या टोकाशीं बी लोंबत असते. शास्त्रदृष्ट्या खरें फळ तें ही बीच. बोंड म्हणजे केवळ फुगलेला देठ होय. परंतु त्याचें वजन बियेच्या कित्येक पट असतें. बी कारखान्यांत जाते. बोंड बहुधा झाडाखालींच कुजतें. डोंगर उतरून गोव्यांत जावें, तों हेंच बोंड काळजीपूर्वक वेंचलें जात असतें. हा फरक मातीचा नव्हे, इतिहासाचा आहे.

काजूचें झाड मूळ ब्राझील देशाचें. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं तें पश्चिम किनाऱ्यावर आणलें. पुढें गोवेकरांनीं त्याच्या बोंडापासून मद्य करण्याची रीत बसविली. पिकून आपोआप गळलेलीं बोंडें घ्यावयाचीं, तीं तुडवून रस काढावयाचा आणि तो कांहीं दिवस आंबूं द्यावयाचा. बाहेरचें कांहींच घालावें लागत नाहीं. निसर्गतः असलेलें किण्वच रसांतील साखरेचें मद्य करतें. मग तो रस भट्टीवर चढतो. पहिल्या गाळणीचा सौम्य अर्क तो हुर्राक. पुन्हां गाळलेला तीव्र अर्क ती फेणी.

घाटावर निराळें घडलें. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें दारू गाळण्यावरील सरकारी ताबा घट्ट झाला. तेथें हेतु महसुलाचा होता. पुढें हेतु पालटला. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि त्याच वर्षीं मुंबई दारूबंदी कायदा अमलांत आला. दारूपायीं धुळीस मिळालेले संसार ज्यांनीं पाहिले होते, त्यांना हा कायदा म्हणजे न्यायच वाटला. त्यांचें वाटणें निराधार नव्हतें. १९५६ सालीं चंदगड बेळगांव जिल्ह्यांतून कोल्हापुरास जोडला गेला. गोवा मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखालीं राहिला. त्यामुळें सीमेच्या एका अंगास जी घरची मिळकत, तीच दुसऱ्या अंगास गुन्हा ठरली.

दारूबंदी पुढें सैल झाली. परवान्याची अट मात्र राहिली. २००९ सालीं गोव्याच्या काजूफेणीस भौगोलिक मानांकन मिळालें आणि २०१६ सालीं गोवा सरकारनें तिला वारसा-पेयाचा मान दिला. यामुळें चंदगडचा रस परवाना घेऊन गाळला, तरी त्यास फेणी हें नांव लावतां येत नाहीं.

दारूबंदीचा उद्देश माणसें वांचविण्याचा होता, फळें कुजविण्याचा खास नव्हता. बोंडाच्या रसाचें सरबत होतें, शिरकाही होतो. मद्यच केलें पाहिजे असें नाहीं. श्रोत्यांनीं एवढेंच ध्यानीं घ्यावें कीं, ज्या झाडाची राखण शेतकरी वर्षभर करतो, त्याच्या बियेचाच तेवढा पैसा त्याच्या हातीं पडतो. गोव्यानें बोंडालाही बाजार मिळवून दिला. कोल्हापुरानें तो कोणत्या रूपानें द्यावा, हें ठरविणें आतां कोल्हापुरांतील लोकांकडेच आहे.