आलियाचा पराभव : कथा आणि परिभाषा

इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या आरंभी सेनोनेस या गॉल टोळीने रोमच्या उत्तरेस, आलिया नावाचा ओढा टायबर नदीस जेथे मिळतो तेथे, रोमन सैन्याचा पूर्ण मोड केला आणि पाठोपाठ रोम नगरही हस्तगत केले. रूढ रोमन कालगणनेप्रमाणे ही घटना इ. स. पूर्व ३९० मधील होय. पोलिबिअसने सांगितलेल्या ग्रीक समकालिक घटनांवरून ती इ. स. पूर्व ३८७-८६ कडे येते. या पराभवाची साक्ष कोठे अधिक विश्वसनीय मानावी, इतकाच प्रश्न प्रस्तुत टिपणात विचारार्थ घेतला आहे.

युद्धाच्या आरंभाविषयी ग्रंथकारांत फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो शेवटाविषयी. लिव्हीच्या कथनात खंडणीचे एक हजार पौंड सोने तोलले जात असतानाच कामिल्लुस येऊन पोहोचतो, व्यवहार मोडतो आणि गॉलांचा संहार करतो. पोलिबिअसला मात्र हा उद्धारक ठाऊकच नाही. त्याच्या मते वेनेती लोकांनी गॉलांच्या स्वतःच्या मुलखावर स्वारी केल्यामुळे ते तह करून लुटीसह सुखरूप परतले. डिओडोरसच्या वृत्तांतात सोने पुढे अन्य प्रसंगी परत मिळते. स्ट्राबो त्याचे श्रेय काएरे नगराच्या रहिवाशांस देतो. प्लूटार्क सांगतो की, अ‍ॅरिस्टॉटलने रोमच्या पाडावाची वार्ता ऐकली होती. परंतु त्याने उद्धारकाचे नाव लूकिउस असे दिले आहे, आणि कामिल्लुसचे नाव तर मार्कुस होते. एकच सोने इतक्या हातांनी परत मिळविले जाते, यावरून ते मुळात परत मिळालेच नसावे, असा तर्क करणे भाग पडते.

कथेने जे झाकले, ते पंचांगाने व कायद्याच्या परिभाषेने उघडे ठेवले. १८ जुलै हा ‘आलियेन्सिस’ म्हणून अशुभ दिवस ठरला. इ. स. ६९ मध्ये, म्हणजे सुमारे साडेचारशे वर्षांनंतर, सम्राट वितेल्लिउसने याच दिवशी धर्मकृत्यांविषयी आज्ञापत्र काढले तेव्हा लोकांनी तो अपशकुन मानल्याची नोंद टॅसिटसने केली आहे.

दुसरी संज्ञा ‘तुमुल्तुस’ ही होय. सामान्य युद्धास ‘बेल्लुम’ म्हणत. ‘तुमुल्तुस’ म्हणजे सैन्यसेवेतील सर्व सवलती रद्द करणारी आणीबाणी. तिचे दोनच प्रकार होते : इटलीतील आणि गॉलांची. स्पेनमधील उर्सो या वसाहतीच्या सनदेत—वसाहत इ. स. पूर्व ४४ मधील—नगराधिकाऱ्यांच्या सेवकांस सैन्यसेवेतून सूट देताना या दोन प्रसंगांचा अपवाद स्पष्टपणे नोंदलेला आहे. सीझरने गॉल प्रदेश जिंकल्यानंतरही सनदेच्या मजकुरातून गॉल गेले नाहीत! सिसरो हा शब्द भीतिवाचक ‘तिमोर’ शब्दाशी जोडतो. ही लोकव्युत्पत्ती होय; शब्दाचा खरा संबंध ‘फुगणे’ या अर्थाच्या ‘तुमेरे’ धातूशी आहे, आणि संस्कृत ‘तुमुल’ हा त्याचा सजातीय मानला जातो. तथापि सिसरोची चूकही बोलकी आहे : त्याच्या पिढीस या शब्दात प्रथम भयच ऐकू येत होते.

अर्थात हे सारे भय एका आलियाचे नव्हे. इ. स. पूर्व २२५ मधील तेलामोनपर्यंतच्या गॉल स्वाऱ्यांनी ते पुनःपुन्हा जागविले. शिवाय संज्ञेवरून भयाची खोली कळते, हानीची व्याप्ती नव्हे. संपूर्ण नगर जळाल्याच्या परंपरेस उत्खननांतून दुजोरा मिळत नाही. कोमितिउम येथील जो जळका थर एके काळी गॉलांचा समजला जाई, तो आता इ. स. पूर्व सहाव्या शतकातील ठरला आहे. रोम लवकर सावरले, हे मात्र निश्चित. इ. स. पूर्व ३७८ च्या सुमारास सुरू झालेल्या सुमारे ११ किलोमीटर लांबीच्या तटासाठी दगड आणला तो वेई नगराच्या मुलखातून, जे नगर रोमनांनी इ. स. पूर्व ३९६ मध्ये जिंकले होते.

इतिहासकाराने पराभवाचा मान राखणारी कथा टाकून द्यावी असे नव्हे. ती उत्तरकालीन अभिमानाचे साधन म्हणून वाचावी. पराभवाचा मागोवा घ्यावयाचा तो मात्र ज्या शब्दांस कोणाचेही मन वळवावयाचे नव्हते, अशा शब्दांत.