उमेदवार आणि त्याची संगत : अमेरिकी निवडणुकांतील एक जुनी कसोटी

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराची तपासणी दुहेरी असते. त्याने स्वतः काय केले आणि काय म्हटले, हा तिचा एक भाग. तो कोणत्या चर्चमध्ये जातो, कुणाच्या पंगतीला बसतो, कुणाचा पाठिंबा घेतो, हा दुसरा. या दुसऱ्या भागाला सबळ कारण आहे. एकोणिसाव्या शतकात बहुतेक उमेदवार स्वतः प्रचाराला फिरत नसत. मतदाराला दिसायची ती त्यांच्या भोवतीची माणसे. शिवाय सत्तेवर कुणी एकटा येत नाही, आपला गोतावळा घेऊन येतो आणि पुढच्या नेमणुका व सल्ले त्यातूनच होतात. तरीही ही कसोटी सर्वांना सारखी लागली नाही. कॅथलिक, डाव्या आणि कृष्णवर्णीय उमेदवारांना तिचा जाच अधिक झाला. संबंध किती जुना आणि किती खोल होता, यापेक्षा उमेदवाराने हात किती लवकर झटकले, हेच बहुतेक वेळा पाहिले गेले.

१८८४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे जेम्स ब्लेन आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्यात सामना होता आणि सारे काही न्यूयॉर्क राज्याच्या ३६ निर्वाचक मतांवर येऊन ठेपले होते. ब्लेन यांची आई कॅथलिक होती. एरवी डेमोक्रॅटिक पक्षाला बांधलेली आयरिश मते त्यामुळे काही प्रमाणात आपल्याकडे वळतील, अशी त्यांना आशा होती. २९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यू हॉटेलात प्रोटेस्टंट धर्मोपदेशक त्यांना पाठिंबा द्यायला जमले. त्यांतले सॅम्युअल बर्चर्ड भाषणाच्या ओघात म्हणाले की, डेमोक्रॅटिक पक्षाचा वारसा म्हणजे दारू, रोमचा धर्म आणि बंडखोरी. ब्लेन तिथेच हजर होते आणि त्यांनी त्या क्षणी या वाक्याला हरकत घेतली नाही. विरोधी पक्षाने ते टिपून घेतले, त्याची पत्रके छापली आणि मतदानाआधीच्या रविवारी ती कॅथलिक चर्चांच्या दारांत वाटली. ब्लेन यांचा खुलासा आला, पण तोवर गवगवा झाला होता.

त्याच रात्री ब्लेन डेल्मॉनिको या महागड्या उपाहारगृहात धनाढ्यांच्या मेजवानीला गेले. पाहुण्यांत रेल्वेसम्राट जे गूल्डही होते. देशात मंदी होती. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाने दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मोठे व्यंगचित्र छापले : बायबलमधल्या बेलशस्सर राजाच्या मेजवानीसारखे मेज, भोवती धनिक आणि समोर हात पसरलेले भुकेले कुटुंब. सकाळी धर्मगुरूची संगत नडली आणि रात्री शेठजींची. न्यूयॉर्कमध्ये साडेअकरा लाखांहून अधिक मते पडली आणि ब्लेन जेमतेम हजार-अकराशे मतांनी हरले. दारूबंदीवाद्यांच्या उमेदवाराने तिथे सुमारे २५ हजार मते घेतली आणि त्यांतली बरीच एरवी रिपब्लिकनांची असती. त्यामुळे सगळा दोष बर्चर्ड यांच्या माथी मारणे बरोबर नाही. मात्र दुसऱ्याच्या तोंडच्या एका वाक्याने अध्यक्षपद जाऊ शकते, हा धडा पक्षांनी तेव्हापासून पक्का गिरवला.

१९२८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ यांना उभे केले. मोठ्या पक्षाचे ते पहिले कॅथलिक उमेदवार. एकीकडे पोपशी निष्ठा आणि दुसरीकडे टॅमनी हॉल या न्यूयॉर्कमधल्या बदनाम पक्षयंत्रणेशी संबंध, असे दोन आरोप त्यांच्यावर होते. दुसऱ्या आरोपाला आधार होता, कारण स्मिथ टॅमनीच्याच तालमीत वाढले होते. पहिल्याला नव्हता. तरीही हडसन नदीखालचा नवा बोगदा थेट व्हॅटिकनला जातो, अशी कुजबुज ग्रामीण भागात पसरवली गेली. स्मिथ यांनी ४८ पैकी ८ राज्ये जिंकली.

हेन्री वॉलेस यांचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे आहे आणि त्याचा एक धागा हिमाचलातल्या कुलू खोऱ्यापर्यंत जातो. रशियन चित्रकार आणि गूढवादी निकोलस रोरिक १९२८ पासून नग्गरला राहत होते. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे कृषिमंत्री झालेल्या वॉलेस यांना अध्यात्माची ओढ होती. रोरिक यांना त्यांनी भक्तिभावाने पत्रे लिहिली आणि १९३४ मध्ये दुष्काळात तगणारी गवते शोधण्यासाठी सरकारी खर्चाने मंचुरियात पाठवले. तिथे रोरिक यांच्या वागण्याबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा वॉलेस यांनी १९३५ मध्ये संबंध तोडले. १९४० मध्ये ते उपाध्यक्षपदाला उभे राहिले आणि ती पत्रे रिपब्लिकनांच्या हाती लागली. पण त्या पक्षाचे उमेदवार वेंडेल विल्की यांच्या विवाहबाह्य संबंधाची माहिती डेमोक्रॅटांकडे होती. दोन्ही बाजू गप्प राहिल्या. मतदाराला काय कळावे, हे पक्षांनी आपसांतल्या धाकावर ठरवले.

पत्रे उजेडात आणली ती वेस्टब्रूक पेग्लर या स्तंभलेखकाने, महायुद्धानंतर. १९४८ मध्ये वॉलेस प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे अध्यक्षपदाला उभे होते. फिलाडेल्फियातल्या पत्रकार परिषदेत पत्रांविषयी पुन्हापुन्हा विचारूनही त्यांनी उत्तर दिले नाही. त्याहून जड ठरला तो कम्युनिस्टांचा पाठिंबा. कम्युनिस्ट पक्षाने त्या वर्षी स्वतःचा उमेदवार न देता वॉलेस यांना साथ दिली आणि ती नाकारायला वॉलेस तयार झाले नाहीत. त्यांना २.४ टक्के मते मिळाली. वॉलेस यांच्या बाबतीत प्रश्न विचारणे मात्र रास्त होते. सरकारी खर्चाची मोहीम एका गूढवाद्याच्या हाती देणे हा कारभाराचा भाग होता, खासगी श्रद्धेचा नव्हे.

त्या काळात संगतीला सरकारी नियमाचेच रूप आले होते. अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या मार्च १९४७ च्या आदेशाने सरकारी नोकरांची निष्ठा तपासताना संशयित संघटनांचे सभासदत्वच नव्हे, त्यांच्याशी सहानुभूतीचा संबंधही ग्राह्य धरला. निवडणुकीतही तेच सुरू झाले. १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिनेटच्या लढतीत रिचर्ड निक्सन यांच्या प्रचारकांनी गुलाबी कागदावर पत्रक काढले. प्रतिस्पर्धी हेलन गहॅगन डग्लस यांनी काँग्रेसमध्ये ३५४ वेळा डाव्या विचारांच्या व्हिटो मार्कँटोनियो यांच्यासारखे मत दिले, असा त्यात हिशेब होता. त्यांतली बरीच मतदाने किरकोळ कामकाजाची होती आणि निक्सन यांचेही मत कित्येकदा मार्कँटोनियो यांच्याशी जुळले होते. निक्सन जिंकले. त्याच वर्षी मेरिलँडमध्ये सिनेटर मिलर्ड टायडिंग्ज यांच्याविरुद्ध एक छायाचित्र फिरले. त्यात ते कम्युनिस्ट नेते अर्ल ब्राउडर यांचे बोलणे ऐकताना दिसत होते. ती दोन वेगवेगळी छायाचित्रे जोडलेली होती. जिथे संगत नव्हती तिथे ती कात्रीने तयार केली गेली. टायडिंग्ज हरले.

जॉन केनेडी यांनी १९६० मध्ये वेगळी वाट धरली. १२ सप्टेंबरला ह्यूस्टनमध्ये ते शंकेखोर प्रोटेस्टंट पाद्र्यांसमोर स्वतः जाऊन उभे राहिले. सार्वजनिक प्रश्नांवर आपण चर्चच्या वतीने बोलत नाही आणि चर्च आपल्या वतीने बोलत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि मग प्रश्न घेतले. रोनाल्ड रेगन यांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी लढताना आणखी एक युक्तिवाद रूढ केला. जॉन बर्च सोसायटी ही टोकाची कम्युनिस्टविरोधी संघटना. तिच्या संस्थापकाने अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही कम्युनिस्टांचे हस्तक ठरवले होते. तिच्या सभासदांचे काय, असे विचारल्यावर रेगन यांचे म्हणणे होते की, पाठिंबा देणारा आपले विचार पत्करतो, आपण त्याचे नव्हे. मते गमवायची नाहीत आणि डागही नको, असा हा मार्ग पुढे अनेकांनी वापरला.

बराक ओबामा यांच्या वाट्याला २००८ मध्ये आलेली परीक्षा सर्वांत खडतर होती. जेरेमाया राइट १९७२ पासून शिकागोच्या दक्षिण भागातल्या ट्रिनिटी चर्चचे पाद्री होते. शंभराहून कमी सभासदांचे ते चर्च त्यांनी हजारोंपर्यंत वाढवले. ओबामांचे लग्न त्यांनी लावले, मुलींचा बाप्तिस्मा त्यांनी केला आणि ओबामांच्या दुसऱ्या पुस्तकाचे नाव त्यांच्याच प्रवचनातून आले होते. १३ मार्चला एबीसी वाहिनीने त्यांच्या प्रवचनांतले काही तुकडे दाखवले. २००३ च्या एका प्रवचनात राइट देवाने अमेरिकेला शाप द्यावा, असे म्हणताना दिसत होते. राष्ट्राच्या पापांबद्दल संदेष्ट्याच्या आवेशात झोडपून काढणे ही कृष्णवर्णीय चर्चांतली जुनी परंपरा आहे. पण लांबलचक प्रवचनातून उचललेल्या काही सेकंदांत तिचा संदर्भ उरला नाही, आणि तो शोधण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

ओबामांनी १८ मार्चला फिलाडेल्फियात वंशप्रश्नावर दीर्घ भाषण केले. राइट यांची वक्तव्ये त्यांनी निषेधार्ह ठरवली, पण माणसाला टाकले नाही. कृष्णवर्णीय समाजाला जसे आपण टाकू शकत नाही, तसे राइट यांनाही नाही, अशी त्यांची भूमिका होती. संगतीच्या प्रश्नाला अमेरिकी राजकारणात मिळालेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर म्हणावे लागेल, कारण नाते मान्य करूनही त्यात मतभेद सांगितला होता. ते सहा आठवडेच टिकले. २८ एप्रिलला राइट यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये आपली मते अधिक आग्रहाने मांडली. दुसऱ्याच दिवशी ओबामांनी त्यांच्याशी नाते तोडले आणि मेअखेर चर्चही सोडले.

बिल एअर्स यांच्याशी असलेला ओबामांचा संबंध याहून कितीतरी पातळ होता. एअर्स हे व्हिएतनाम युद्धाच्या काळात बॉम्बस्फोट घडवणाऱ्या ‘वेदर अंडरग्राउंड’ या डाव्या गटाचे सहसंस्थापक. ती कृत्ये झाली तेव्हा ओबामा शाळकरी वयाचे होते. पुढे प्राध्यापक झालेले एअर्स आणि ओबामा शिकागोतल्या एका धर्मादाय निधीच्या मंडळावर एकत्र होते आणि १९९५ मध्ये एअर्स यांच्या घरी ओबामांसाठी एक छोटी बैठक झाली होती. एवढ्यावरून रिपब्लिकन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी ऑक्टोबरात ओबामांची दहशतवाद्यांशी दोस्ती असल्याचा आरोप केला. त्या पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी मात्र राइट यांचा विषय प्रचारात वापरू दिला नाही. टेक्सासचे धर्मोपदेशक जॉन हेगी यांचा पाठिंबा त्यांनी स्वतः मागून घेतला होता. हिटलर हा ईश्वरी योजनेचा भाग होता, असे सुचवणारे हेगी यांचे जुने प्रवचन बाहेर आल्यावर मे महिन्यात मॅकेन यांनी तो पाठिंबा नाकारला. हेगी यांच्यावरून उठलेला गदारोळ राइट यांच्यावरून उठलेल्या गदारोळाच्या पासंगालाही पुरला नाही. ओबामा सुमारे ५३ टक्के मते मिळवून निवडून आले.

२०१२ मध्ये राइट प्रकरण पुन्हा उकरण्याची एका बाहेरच्या प्रचारगटाकडे आलेली योजना ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केली. रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांनी तिचा निषेध केला आणि ती बारगळली. स्वतः मॉर्मन असलेल्या रॉम्नी यांना २००७ मध्ये टेक्सासमध्ये केनेडींच्याच धर्तीवर आपल्या धर्मश्रद्धेचा खुलासा करावा लागला होता. २८ फेब्रुवारी २०१६ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे माजी नेते डेव्हिड ड्यूक यांच्या पाठिंब्याविषयी सीएनएनवर विचारले गेले. दोनच दिवसांपूर्वी तो पाठिंबा नाकारणाऱ्या ट्रम्प यांनी आता ड्यूक यांच्याविषयी आपल्याला काही माहीत नसल्याचे सांगितले आणि नंतर कानातल्या यंत्राला दोष दिला. १ मार्चला त्यांनी पक्षांतर्गत मतदानात ११ पैकी ७ राज्ये जिंकली. हात लवकर झटकले नाहीत तर उमेदवार बुडतो, हा १८८४ पासूनचा हिशेब त्या वेळी लागू पडला नाही.