अध्ययन अक्षमता : सवलत दहावीची, गरज दुसरीची

प्रतिनिधी

वर्गातील चर्चेत हिरिरीने भाग घेणारा, तोंडी प्रश्नांना चटकन उत्तरे देणारा विद्यार्थी लेखी परीक्षेत मात्र जेमतेम गुण मिळवतो. त्याची वही चुकांनी भरलेली असते, फळ्यावरचे अर्धेच उतरवून झालेले असते आणि मोठ्याने वाचायला सांगितले की तो गप्प होतो. अशा मुलाला शाळेत ‘आळशी’ आणि घरी ‘बेफिकीर’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. प्रत्यक्षात यातील अनेक मुलांना अध्ययन अक्षमता असते. दहावीच्या परीक्षेत या मुलांना मिळणाऱ्या सवलतींविषयी आता बऱ्याच पालकांना माहिती आहे. मात्र मदतीची खरी गरज त्याच्या सात-आठ वर्षे आधी असते, याकडे दुर्लक्ष होते.

अक्षमता म्हणजे नेमके काय?

अध्ययन अक्षमता म्हणजे मतिमंदत्व नव्हे. या मुलांची बुद्धिमत्ता सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असते. डोळे व कान व्यवस्थित असतात आणि शिकण्याची संधीही मिळालेली असते. तरीही वाचन, लेखन किंवा गणन यांपैकी एखादे कौशल्य वयाच्या मानाने बरेच मागे राहते. वाचनातील अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनातील अडचणीला डिसग्राफिया आणि गणितातील अडचणीला डिसकॅल्क्युलिया असे म्हणतात. एकाच मुलात यांपैकी दोन किंवा तिन्ही आढळू शकतात. ही अक्षमता अनेकदा आनुवंशिक असते. पालकांचे संगोपन किंवा मुलाचा हट्टीपणा हे तिचे कारण नव्हे.

‘डिस्लेक्सिया’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी रूढ केला. १८९६ मध्ये ब्रिटिश डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला वाचन मात्र जमत नव्हते. त्या काळी हा दृष्टीशी निगडित दोष मानला जाई. पुढील संशोधनातून असे दिसून आले की, बहुतेक मुलांची मूळ अडचण शब्दातील ध्वनी सुटे करण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात असते. शालेय वयातील पाच ते पंधरा टक्के मुलांमध्ये कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची अध्ययन अक्षमता असते, असा जागतिक अंदाज आहे. चाळीस मुलांच्या वर्गाचा विचार केल्यास ही संख्या दोन ते सहा भरते.

मराठीत ती कशी दिसते?

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बऱ्यापैकी पक्के असते. त्यामुळे मराठी वाचताना ही मुले उशिरा का होईना, अक्षर जुळवतात. मात्र वाचनाची गती अतिशय मंद राहते. घ-ध, म-भ, प-ष अशा दिसायला सारख्या अक्षरांत गोंधळ होणे, काना-मात्रा गळणे, वेलांटी-उकाराची अदलाबदल, जोडाक्षर फोडून लिहिणे, ओळ वाचताना मध्येच दुसऱ्या ओळीवर जाणे ही नेहमी आढळणारी लक्षणे आहेत. अशा चुका सुरुवातीला सर्वच मुले करतात. भरपूर सराव होऊनही त्या दुसरी-तिसरीपर्यंत टिकून राहिल्या, तर सावध व्हावे.

इंग्रजीत अडचण अधिक वाढते. ‘कट’ आणि ‘पुट’ या शब्दांत एकाच स्वराक्षराचे दोन उच्चार होतात. शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मूल इंग्रजी, मराठी आणि हिंदी अशा तीन भाषा एकाच वेळी लिहू लागते. मराठी व हिंदी यांची लिपी एक असली, तरी अनेक शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे आहेत. ही ओढाताण या मुलांना विशेष जड जाते.

अंकांचेही तसेच आहे. ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच आणि मग वीस येतात. लिहिताना मात्र दोन आधी लिहायचे असतात. साहजिकच २५ चे ५२ होते. २०१९ मध्ये बालभारतीने इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा संख्यावाचनाचा पर्याय दिला, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली. भाषेच्या दृष्टीने त्या वादाच्या दोन्ही बाजू असतील. संख्यानामांत गोंधळणाऱ्या मुलासाठी मात्र असा पर्याय वापरून पाहण्यासारखा आहे.

तपासणी कशी होते?

प्रथम दृष्टी व श्रवण यांची तपासणी करून घ्यावी. त्यानंतर बुद्धिमापन चाचणी आणि वाचन, लेखन व गणन यांच्या शैक्षणिक चाचण्या होतात. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने तयार केलेला चाचणीसंच यासाठी वापरला जातो. हरयाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेला ‘डाली’ हा संच हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. मूल ज्या भाषेत शिकते, त्याच भाषेत तपासणी झाली तरच निष्कर्ष विश्वासार्ह ठरतो. मुंबईत शीव, नायर आणि केईएम या महापालिका रुग्णालयांतून अशी तपासणी होत आली आहे. ती एका भेटीत संपत नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

औपचारिक निदान साधारणपणे आठव्या वर्षापासून केले जाते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करणे अपेक्षित आहे. मात्र मदत सुरू करण्यासाठी निदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी सवलती देऊ केल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गरजेनुसार लेखनिक, एका भाषेतून सूट आणि बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या स्तराचे गणित यांचा त्यात समावेश होता. केंद्राच्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात मात्र या मुलांचा उल्लेख नव्हता. २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ या चित्रपटामुळे हा विषय घराघरांत पोहोचला, तेव्हाही राष्ट्रीय पातळीवर त्यांना कायदेशीर दर्जा नव्हता. तो दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मुळे मिळाला. या कायद्यातील २१ प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे.

या कायद्याचे सोळावे कलम पालकांनी अवश्य वाचावे. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे आणि त्यावर योग्य अध्यापन-उपाय करणे हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले. आपल्या मुलाच्या शाळेत विशेष शिक्षक आहे का, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

उशीर कोठे होतो?

कायद्याचा भर लवकर ओळखण्यावर असला, तरी अनेक घरांत तपासणीचा विचार नववीत येतो. परीक्षा तोंडावर आल्यावर प्रमाणपत्राची धावपळ सुरू होते. प्रमाणपत्रामुळे मुलाला जादा वेळ मिळतो, पण वाचन येत नाही. शिवाय तोपर्यंत त्याने सात-आठ वर्षे अपयश, शिक्षा आणि चेष्टा सोसलेली असते. पोटदुखीच्या तक्रारी, शाळा चुकवणे, चिडचिड किंवा वर्गात विदूषकी चाळे ही अनेकदा त्याचीच रूपे असतात. ‘मोठा झाला की येईल’ ही समजूत या मुलांच्या बाबतीत महागात पडते. अक्षमता पूर्णपणे जात नाही. मात्र पहिली-दुसरीत योग्य पद्धतीने शिकवल्यास वाचनातील अंतर बरेच कमी होते.

वर्गात काय करता येईल?

यासाठी मोठा खर्च लागत नाही. मुलाला पुढच्या बाकावर बसवावे. फळ्यावरील मजकूर पूर्ण उतरवण्याची सक्ती न करता त्याची छापील प्रत द्यावी. पूर्वतयारीशिवाय सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावू नये. विज्ञान व इतिहासात उत्तराचा आशय तपासावा, ऱ्हस्व-दीर्घ नव्हे. शक्य तेथे तोंडी परीक्षा घ्यावी. अक्षर शिकवताना ते पाहणे, उच्चारणे आणि वाळूत किंवा रव्यात बोटाने गिरवणे या तिन्ही गोष्टी एकत्र कराव्यात. अनेक इंद्रियांचा वापर करणारी ही पद्धत अमेरिकेत ऑर्टन व गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात विकसित केली. चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहायला लावल्याने मात्र चूक सुधारत नाही, केवळ लिहिण्याची नावड वाढते.

घरी काय करावे?

अक्षमतेचा परिणाम अभ्यासापुरता राहतोच असे नाही. डावे-उजवे ओळखणे, घड्याळ वाचणे, बुटाची नाडी बांधणे, दुकानातून चार वस्तू लक्षात ठेवून आणणे यांतही काही मुले अडखळतात. त्यांना एका वेळी एकच सूचना द्यावी. दप्तर भरण्याची आणि सकाळच्या कामांची चित्रमय यादी भिंतीवर लावावी. दप्तर मात्र त्यालाच भरू द्यावे. अभ्यास वीस मिनिटांच्या छोट्या टप्प्यांत घ्यावा. पालकांनी रोज मोठ्याने वाचून दाखवावे. धडा ध्वनिमुद्रित करून ऐकवता आला तर उत्तम. वाचन कच्चे असले तरी शब्दसंग्रह आणि गोष्टींची गोडी कमी होता कामा नये. भावंडांशी तुलना पूर्णपणे टाळावी आणि चित्रकला, खेळ, संगीत यांचा तास ‘आधी अभ्यास’ म्हणून काढून घेऊ नये. मुलाला आत्मविश्वास देणारी ती अनेकदा एकमेव जागा असते.

निदान झाल्यावर ते मुलापासून लपवू नये. ‘तुला शिकायला वेगळी पद्धत लागते, तू कमी हुशार नाहीस,’ असे त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगावे. सवलतींचे नियम मंडळानुसार वेगवेगळे असतात आणि वेळोवेळी बदलतात. म्हणून आठवी संपण्यापूर्वीच शाळेकडून त्यांची लेखी माहिती घ्यावी. तिसरीतील मुलाच्या पालकांनी मात्र आठवीची वाट पाहू नये. येत्या पालकसभेत वर्गशिक्षकांची वेगळी वेळ मागून घ्यावी आणि मुलाच्या वह्या सोबत न्याव्यात. गुणपत्रिकेपेक्षा त्या वह्यांतील चुका अधिक काही सांगतात.