ध्रुवीय आयनांबरातील तरंगविक्षोभ आणि रेडिओ-संकेत

आयनांबराच्या संशोधनाचा इतिहास पाहता असे आढळते की, निरीक्षणातील अडथळा म्हणून जे प्रथम नोंदले गेले, तेच पुढे निरीक्षणाचा विषय झाले. ध्रुवीय प्रदेशात हे विशेष स्पष्टपणे दिसते.

डिसेंबर १९२४ मध्ये ॲपलटन व बार्नेट यांनी बोर्नमथच्या नभोवाणी केंद्रावरून तरंगलांबी सावकाश बदलवून ऑक्सफर्ड येथे परावर्तित तरंगांची नोंद घेतली आणि सुमारे १०० किलोमीटर उंचीवर विद्युद्वाहक थर असल्याचे सिद्ध केले. १९२५ मध्ये अमेरिकेत ब्राइट व ट्यूव्ह यांनी दुसरी रीत योजिली: क्षणमात्र संकेत सोडावयाचा आणि त्याचा प्रतिध्वनी परतण्यास लागणारा काळ मोजावयाचा. १०० किलोमीटर उंचीसाठी हा काळ सेकंदाचा सुमारे पंधराशेवा भाग भरतो.

दुसऱ्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात (१९३२–३३) ॲपलटन यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश पथक नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे गेले. चुंबकीय वादळाच्या वेळी तेथे प्रतिध्वनी येईनासे होत. उपकरणे निर्दोष असता संकेत जातो कोठे? विद्युद्भारित कण १०० किलोमीटरांच्याही खाली शिरतात, तेथील दाट हवेत आयनीभवन वाढते आणि इलेक्ट्रॉन व रेणू यांच्या टकरींत तरंगाची ऊर्जा शोषली जाते, असे त्याचे उत्तर आहे. प्रतिध्वनीचा अभाव हाच येथे पुरावा ठरला.

तथापि इतर वेळीही प्रतिध्वनी स्थिर नसत. परावर्तनाची उंची लयीने खालीवर होई. महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात मन्रो यांनी निरनिराळ्या केंद्रांवरील नोंदी ताडून हे विक्षोभ आडव्या दिशेने प्रवास करतात असे दाखविले. १९६० मध्ये कॅनडातील हाइन्स यांनी ते वातावरणातील गुरुत्वतरंग होत, असे प्रतिपादन केले. आइन्स्टाइनच्या सिद्धांतातील गुरुत्वीय तरंगांशी त्यांचे केवळ नामसाम्य आहे. वर हवा विरळ होत जाते, म्हणून चढणाऱ्या तरंगाचा आयाम वाढत जातो.

१९८३ मध्ये लॅब्रॅडॉरमधील गूस बे येथे रडार उभारण्यात आले. आयनांबरात वाकून भूपृष्ठावरून परतणाऱ्या त्याच्या संकेतांत हे तरंग क्रमाने सरकणाऱ्या पट्ट्यांच्या रूपाने दिसू लागले. पुढे दोन्ही ध्रुवांभोवती अशा रडारांचे जाळे झाले.

‘अनियमितता’ म्हटल्यावर तिची केवळ नोंद होते. ‘तरंग’ म्हटल्यावर त्याची दिशा, वेग व उगम विचारावा लागतो. ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्यातील विद्युत्प्रवाहांनी तापलेली हवा हा एक उगम, तर खालच्या वातावरणातील घडामोडी हा दुसरा. प्रत्येक नोंदीत हे दोन वेगळे करणे, हेच आता या अभ्यासापुढील कठीण कार्य आहे.