बोले ठराव आणि त्याची वाटचाल

१९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबई इलाख्यात जे नवे कायदे कौन्सिल आले, त्यात स्थानिक स्वराज्य आणि शिक्षण ही ‘सोपीव’ खाती, म्हणजे कौन्सिलाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे दिलेली खाती ठरली. त्यामुळे ज्याच्या हाती सत्ता नाही अशा सभासदालाही नगरपालिकांच्या कारभारात हात घालण्याची वाट मोकळी झाली. ती वाट रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी नेमकी हेरली. भंडारी समाजातून आलेले बोले हे कामगार हितवर्धक सभेच्या, म्हणजे गिरणी मजुरांची गाऱ्हाणी सामोपचाराने सोडवू पाहणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते, आणि भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हाच्या अभिनंदन सभेचे अध्यक्षपदही त्यांनीच भूषवले होते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी कौन्सिलाने त्यांचा ठराव संमत केला. सरकारी पैशाने बांधलेले वा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी शिफारस त्यात होती. शिफारस हाच शब्द येथे महत्त्वाचा, कारण ठराव म्हणजे कायदा नव्हे: तो मोडणाऱ्यास शिक्षा नसते. सरकारने सप्टेंबरात खातेप्रमुखांना तशा सूचना धाडल्या, तरी बहुतेक पाणवठे पूर्वीसारखेच बंद राहिले. तेव्हा १९२६ साली बोले यांनी दुसरा ठराव आणून, जी नगरपालिका वा लोकल बोर्ड पहिला ठराव अमलात आणणार नाही तिचे अनुदान रोखावे, अशी मागणी केली. नैतिक आवाहनापेक्षा तिजोरीचा धाक अधिक चालतो, हा त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. त्याच वर्षी ग्रामजोश्यांचा हक्क, म्हणजे विधी दुसऱ्याने केला तरी दक्षिणा वसूल करण्याचा वंशपरंपरागत अधिकार, रद्द करणारा कायदाही त्यांच्या प्रयत्नांतून झाला; तेथे मात्र त्यांना केवळ शिफारशीवर थांबावे लागले नाही.

महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण पाण्याला हात लागण्यास २० मार्च १९२७ चा सत्याग्रह व्हावा लागला. आणि त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, आपला निर्णय फिरवला. पुढचा वाद न्यायालयात रेंगाळला. तळ्यावरील सवर्णांचा अनन्य हक्क अनादि रूढीने सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला.