वार पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही?

मागच्या पावसाळ्यात आमच्या धाकटी डहाणूच्या गोठ्यात रात्री गाय व्याली. आजी म्हणाली, वार पडल्याशिवाय वासराला आचळाला लावू नका. नाही लावलं. वार पडायला सकाळ झाली. पहिल्या चिकाचा खरवस केला, शेजारीपण दिला. तिसऱ्या दिवशी वासराला पांढरी हगवण लागली, डोळे खोल गेले. चौथ्या दिवशी गेलं. तेव्हापासून या रोगाचा इतिहास वाचतोय आणि फिरून त्या खरवसापाशीच येतोय.

हगवणीतला नेहमीचा जंतू ई. कोलाय. एशेरिख नावाच्या डॉक्टरांनी तो १८८५ मध्ये तान्ह्या बाळांच्या विष्ठेत ओळखला. पण हा जंतू तर प्रत्येक गोठ्यात असतो, मग एक वासरू मरतं आणि दुसरं जगतं, असं का?

१९२२ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि लिटल यांनी ते तपासलं. चीक न मिळालेल्या १२ वासरांपैकी ९ मेली. चीक प्यालेली १० च्या १० जगली. माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी द्रव्यं आईच्या पोटातच मिळतात. गाईची वार ती पलीकडे जाऊ देत नाही, म्हणून वासरू रिकाम्या हाताने जन्मतं. चिकातून ती आतड्यावाटे रक्तात जातात, पण जेमतेम दिवसभरच, आणि पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त. आम्ही नेमके तेच तास घालवले. उलट वासरू चुपलं की गाईचं गर्भाशय आकुंचन पावतं.

चुकी एकट्या आजीची नाही. मुंबईच्या तबेल्यांत दूध विकायचं म्हणून पारडू उपाशी ठेवायचे. ते तबेले बाहेर हलवायला सरकारने आपल्या दापचरीला दुग्ध प्रकल्प काढला, कुर्झे धरण बांधलं. तबेले काही सगळे आले नाहीत.

हगवण लागलीच तर वासरू बहुतेक वेळा पाणी आणि क्षार कमी पडून जातं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजून वाचवलं. वासराच्या आतड्यातही तेच चालतं. ते सुरू करा आणि पशुवैद्यांना बोलवा.

परवा दुसरी गाय व्याली. नाळेला आयोडीन लावलं, तासाभरात दोन लिटर चीक बाटलीने पाजला. वार नंतर पडली. आजी बघत होती, काही बोलली नाही. खरवस यंदा दुसऱ्या दिवशीच्या चिकाचा झाला, जरा पातळच.